जिथे टप्पा मरत होता

आमच्या शेजारी सुतारकाका राहतात. वय त्रेसष्ट, उंची बेताची, आणि कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघणार, मग माणसांकडे. "दार घासतंय तुमचं," हा त्यांचा नमस्कार. चहा येईपर्यंत खिशातून काचकागद निघालेला असतो आणि चहा संपेपर्यंत दार मुकाट्याने लागायला लागलेलं असतं.

आमच्या क्लबच्या हॉलची लाकडी जमीन त्यांनीच घातलेली. अठ्ठावीस वर्षं झाली तिला. हाताखाली दोन माणसं घेऊन अडीच महिन्यांत त्यांनी ती पुरी केली. अजूनही दर रविवारी सकाळी जाऊन, अनवाणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून येतात. पायाला कळतं म्हणतात.

मी शाळेत गणित शिकवतो. सामन्यांच्या दिवशी क्लबच्या टेबलाशी बसून कोणी किती गुण केले, कोणी कोणाकडून चेंडू काढून घेतला, याची नोंद ठेवतो. म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. घरातलं जे आहे ते काकूंनी सांगितलं, आणि काकू हातचं काही राखून ठेवणाऱ्यांतल्या नाहीत.

काकांना एकच मुलगा. तो दवाखान्यात परिचारक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि सून घरात आली. पोस्टाच्या खिडकीवर तिची नोकरी, आणि बास्केटबॉलचं वेड. उंची पाच फूट एक इंच. पहिल्यांदा क्लबात आली तेव्हा कोचबाईंना वाटलं, ही पत्र द्यायला आली आहे. आठवड्याभरात ती संघात होती. काकांनी तिचं नाव ठेवलं पाचर. "सांधा हलायला लागला की पाचर ठोकतात," ते कौतुकाने सांगायचे. "असते एवढीशी, पण तिच्या जिवावर अख्खं दार उभं असतं." समोरच्या संघाच्या दृष्टीने पाहिलं तरी नाव बरोबरच होतं. त्यांच्या प्रत्येक बेतात ती पाचर मारायची.

त्या वर्षी शेजारशेजारच्या चार देशांतल्या चार महिला क्लबांनी मिळून लीग सुरू केली. प्रत्येकाने प्रत्येकाशी चार सामने खेळायचे, दोन घरी, दोन परक्या मुलखात. पहिलाच मोसम, त्यामुळे कोणालाच काही ठाऊक नव्हतं आणि सगळेच सगळ्यांना सल्ले देत होते. क्लबच्या मॅनेजरांनी हॉल रंगवून घेतला तो सामन्याच्या आदल्या दिवशी. पाहुण्या मुलींच्या पाठीवर निळे पट्टे उमटले. त्यांची बस आमच्या गल्लीत वळेना, म्हणून त्या सगळ्या खाली उतरून बॅगा खांद्यावर टाकून चालत आल्या. सहा-सहा फुटी बायांची ती रांग बघायला माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबत होती. न्हावी तर एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून रस्त्यावर आला होता, आणि गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग.

पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसराही. पाचरने अशी काही धमाल उडवली की विचारू नका. समोरची उंच मुलगी चेंडू आपटत डाव्या बाजूने कोपऱ्याकडे यायची, पाचर तिला जरा रेटल्यासारखं करायची, आणि पुढच्या क्षणी चेंडू पाचरच्या हातात. ती उंच मुलगी आपल्याच हाताकडे बघत उभी. हॉल नुसता डोक्यावर घेतला होता लोकांनी. घरचे पहिले चारही सामने जिंकून आम्ही एकदम हवेत होतो.

बाहेर मात्र सगळं उलटं. सीमेपलीकडे जाऊन खेळलेल्या चार सामन्यांतले तीन हरलो. पाचर तिथे फारसं कोणाला अडवू शकेना. बसमधून उतरली की घरी गप्प गप्प असायची.

"काय होतं गं तुला तिकडे?" काकूंनी एकदा विचारलं.

"काय माहीत, आई. परका हॉल दिसला की हातपायच गळतात बहुतेक. मी भित्री आहे. कोचबाईंना सांगणार आहे, बाहेरच्या सामन्यांना दुसरीला न्या."

काका तिथेच बसून करवतीला धार लावत होते.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला माझ्या नादात. हॉलचा एक नकाशा काढून, पाचरने जिथे जिथे चेंडू काढून घेतला तिथे मी लाल ठिपका दिला होता. सुनेचं कौतुक सासऱ्याला दाखवावं म्हणून एका संध्याकाळी तो कागद घेऊन गेलो.

"बघा काका! घरच्या चार सामन्यांत एकोणीस वेळा. आणि त्यातले चौदा ठिपके एकाच ठिकाणी. हा डावा कोपरा बघा. इथे आली की पोरगी वाघीण होते."

काकांनी चष्मा लावला. कागद पाहिला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"मास्तर," ते म्हणाले, "हा कागद आणखी कोणाला दाखवलात?"

"अजून नाही."

"बरं केलंत. बसा."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलं होतं. हॉलचं काम संपत आलं होतं, डावा कोपरा तेवढा राहिला होता. तेवढ्यात निरोप आला, मुलगा झाला. काकांनी उरलेल्या फळ्या भराभर ठोकल्या आणि दवाखान्याकडे पळत सुटले. त्या फळ्यांखाली आधाराचं लाकूड बसवायचं राहूनच गेलं. काही महिन्यांनी एकदा तिथे चेंडू पडल्याचा आवाज ऐकला आणि त्यांच्या लक्षात आलं. बाकी जमिनीवर चेंडू टणकन उसळायचा, तिथे नुसता ‘भद्’ व्हायचा. टप्पा मरायचा.

"तेव्हा शाळेतली पोरं खेळायची," काका म्हणाले. "म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय. उघडू कधीतरी. ते कधीतरी काही उगवलं नाही. आणि आता आमची ही पोरगी... तिला वाटतं बाहेर गेलं की आपण घाबरतो. मास्तर, ती घाबरत नाही हो. तिकडच्या जमिनी चांगल्या आहेत, एवढंच आहे ते."

मी माझा कागद गुंडाळला. इतकं चांगलं गणित चुकीच्या ठिकाणी बरोबर आल्याचा अनुभव मला नवा होता.

काकांनी त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पहिल्यांदा काकू भडकल्या. "अठ्ठावीस वर्षं! वाटाण्यात किडा निघाला तरी मी तुम्हाला सांगत आले, आणि तुम्ही अख्खा कोपरा लपवलात?" मुलगा हसत सुटला. आपल्या जन्माने हॉलला खड्डा पडला याची त्याला फारच मजा वाटली. पाचर मात्र उठून आत गेली.

दोन दिवस ती काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टातून सुटल्यावर हॉलवर गेली. मी टेबलाचे खण आवरत होतो. ती डाव्या कोपऱ्यात जाऊन चेंडू आपटायला लागली. भद्, भद्, भद्. मग दोन पावलं सरकून, टण, टण, टण. पुन्हा आत. बराच वेळ असं चाललं. शेवटी चेंडू काखेत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, चौदा वजा केले की किती उरले?"

"पाच."

"चार सामन्यांत पाच. आणि बाहेर?"

"चार सामन्यांत तीन."

तिने जरा विचार केला. "म्हणजे मी बाहेर गेले की वाईट खेळते असं काही नाही. मी सगळीकडे सारखीच साधारण खेळते." आणि ती इतकी मोकळी हसली की मलाही हसू आवरेना. "हे बरं आहे की! साधारणाला सुधारता येतं. भित्रेपणाचं काय करणार होते मी?"

घरी जाऊन ती काकांना म्हणाली, "बाबा, फळ्या उघडा."

"तुझं नाव खाली जाईल गं."

"जाऊ दे. तुमच्या चुकीवर किती दिवस उड्या मारू?"

आता राहिले मॅनेजर. काका, पाचर आणि मी असे तिघे त्यांच्या खोलीत गेलो. ऐकता ऐकता त्यांचा हात कपाळाला लागला.

"काका, अहो घरचे दोनच सामने उरलेत! मोसम संपू द्या, मी स्वतः तुमच्या हाताखाली खिळे देतो."

"साहेब, चूक माझी आहे," काका म्हणाले. "ती मी करून ठेवली, तेव्हा मला कळलं नव्हतं. आता सगळ्यांना कळलंय. आता ठेवली तर ती तुमची झाली."

मॅनेजर कोचबाईंकडे वळले. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांच्याकडून मदत मिळेल असं मॅनेजरांना वाटलं असावं. कोचबाई म्हणाल्या, "मीही म्हणतच होते, माझ्या पोरी बचावात इतक्या आळशी कशा झाल्या. सोमवारी हॉल रिकामा आहे, काका."

सोमवारी दुपारी काकांनी पटाशी लावली. नऊ फळ्या, एकही न फोडता, उचलून बाजूला ठेवल्या. खाली वाकून पाहिलं आणि तिथेच बसकण मारली. आधाराचं लाकूड आत आडवं पडलं होतं. मापाने कापलेलं, रंधा मारलेलं, फक्त बसवायचं राहिलेलं. काकांनी ते बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि मापाची पट्टी न लावता जागेवर ठेवलं. चपखल बसलं. "हात तेव्हा चांगला होता," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत फळ्या पुन्हा बसल्या.

शनिवारी किनाऱ्याकडच्या क्लबशी सामना होता. त्यांची कप्तान म्हणजे लांब वेणीची, धिप्पाड बाई. मागच्या खेपेला त्याच कोपऱ्यात तिचे तीन चेंडू गेले होते. या वेळी ती तिथे आली तीच जपून, जणू खाली काच पसरली आहे. चेंडू आपटला. टण! तिने चमकून खाली पाहिलं, मग पाचरकडे. पाचरने खांदे उडवले. कप्तान वळली, उडाली आणि चेंडू टोपलीत. आम्ही चार गुणांनी हरलो.

लोकांनी काकांना सोडलं नाही. न्हावी म्हणाला, "काका, तुमच्या घरात फितुरी आहे."

"आहे ना," काका म्हणाले. "आणि तुझ्या दुकानाचं दार घासतंय."

सामना संपल्यावर पाचर काकांना हाताला धरून त्या कप्तानकडे घेऊन गेली. भाषा एकमेकांना येईना. काकांनी गुडघ्यावर बसून जमिनीवर टिचकी मारली, हाताने खड्डा दाखवला, तान्हं मूल झुलवल्याचा अभिनय केला, पळून दाखवलं, कान पकडले. मूल कुठून आलं ते कप्तानला आधी कळेना. काकांनी प्रेक्षकांतून आपल्या सहा फुटी मुलाला बोलावून पुढे उभं केलं आणि पुन्हा तान्हं मूल झुलवलं. तेव्हा तिला उलगडा झाला, आणि ती अशी खदाखदा हसली की तिच्या संघातल्या सगळ्याजणी गोळा झाल्या. काकांना तीच गोष्ट दोनदा करून दाखवावी लागली. दुसऱ्यांदा त्यांनी पळण्याच्या जागी थोडी भर घातली, असं काकूंचं म्हणणं.

त्यानंतर पाचरचा खेळ हळूहळू सुधारला. रोज पोस्टातून थेट हॉलवर, कोचबाईंबरोबर पाऊण तास नुसतं पायांचं काम. उरलेल्या तीन सामन्यांतले दोन जिंकलो. त्यातला एक परक्या हॉलमध्ये, आणि तिथे तिने एकटीने पाच चेंडू काढून घेतले. माझ्या नव्या नकाशावर ठिपके असे विखुरलेले आहेत की त्यावरून कोणाला काही सांगता येणार नाही. लीगमध्ये आमचा क्लब चारांत दुसरा आला. मॅनेजरांनी मोठं भाषण केलं आणि त्यात जमिनीची दुरुस्ती ही आपली कल्पना असल्याचं सुचवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मोसम संपल्यावर महिन्याभराने किनाऱ्याकडच्या क्लबाचं पत्र आलं. त्यांच्या हॉलची जमीन जागोजागी करकरत होती, आणि त्यांच्या कप्तानने ‘तान्ह्या मुलाच्या सुताराला’ बोलवा म्हणून धोशा लावला होता. काका जन्मात कधी सीमेपलीकडे गेले नव्हते. पासपोर्टसाठी फोटो काढताना त्यांनी फोटोवाल्याचं स्टूल डुगडुगतं म्हणून आधी ते नीट केलं. फोटोत त्यांच्या खांद्यावर भुसा दिसतो.

पाचर रजा काढून त्यांच्याबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी काकूंना फोन आला. मी तिथेच होतो.

"जेवलात का?" काकूंनी विचारलं.

"जेवतोय कुठला!" काका ओरडून बोलत होते, जणू अंतर आवाजानेच कापायचं आहे. "इथला सुतार माझ्याच वयाचा आहे. माणूस देव आहे, पण खिळा सरळ ठोकायचा म्हणतो. मी म्हणतो तिरका. सकाळपासून भांडतोय आम्ही."

"अहो, पण तुम्हाला एकमेकांची भाषा कुठे येते?"

"भाषा कशाला लागते? खिळा दिसतोय की समोर! ठेवतो आता, तो परत सरळ ठोकायला लागलाय."