डोक्यातलं झाड

कुणी धडपडलं की बाई आपल्या अंबाड्याखाली दोन बोटं टेकवत आणि म्हणत, "अनुमस्तिष्क." तोल सांभाळायची जागा ती. पडलेल्याला उचलायचं वगैरे नंतर. मुख्याध्यापक एकदा पायरी चुकून पालथे झाले, तेव्हाही बाईंनी आधी बोटं टेकवली आणि मग पाणी आणलं.

धानोऱ्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. बाई मूळच्या बल्लारपूरच्या, पण राहायच्या शाळेतच, माझ्या शेजारच्या खोलीत. तुम्हाला राग येवो, झोप येवो, कुणाचं नाव आठवेनासं होवो, बाई लगेच डोक्यातली जागा सांगणार. माझ्या कवितेच्या तासाला मुलं कुठल्या भागामुळे पेंगतात, हेही त्यांनी मला ऐकवलं होतं. मी म्हटलं, बाई, तो भाग नाही, ती दुपारची खिचडी आहे.

मेंदूच्या उभ्या छेदाची आकृती त्या डोळे मिटून काढत. वर सुरकुत्यांचं मोठं प्रमस्तिष्क, मागे खाली अनुमस्तिष्क, पुढे शेपटीसारखं मस्तिष्कपुच्छ. अनुमस्तिष्काशी आला की मात्र खडू हळू चाले. तिथे पांढऱ्या फांद्यांचं एक झाड असतं. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, तुमी खरंच पाह्यलं का हे झाड? त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "सारी नोकरी हे झाड काढण्यात गेली, मॅडम. मीच नाई पाह्यलं. अन् आता रिटायर व्हाची वेळ आली."

झालं, बाई हट्टाला पेटल्या. माणसाचा मेंदू कुठून आणणार? बकऱ्याचा चालेल म्हणाल्या, त्यातही झाड असतं. स्वतः माळकरी, आणि बाजाराच्या दिवशी खाटकाच्या रांगेत उभ्या! पण खाटीक मुंडी घाव घालून फोडूनच देई, भेज्याचा पार लगदा. अख्खी मुंडी मिळायची ती गावच्या देवाला वर्षातून एकदा देतात त्या बकऱ्याची, आणि ती रीतीप्रमाणे पुजाऱ्याची. कुणी मागायची सोय नाही.

बाईंनी मागितली. पुजारी म्हणाले, देवाच्या घरचा वाटा शाळेला कसा देऊ? मग बाई रोज त्यांच्या अंगणात जाऊन बसू लागल्या. शेवटी म्हातारा कंटाळला. "पाहून घ्या, बाई. पण मी संग बसीन, अन् झालं की मुंडी माही." वर आणखी एक अट, मुंडीला कसलंही औषध लावायचं नाही. त्यांना ती खायची होती ना!

तो तास मी विसरणार नाही. पहिल्या बाकावर पुजारी, मांडीवर मुंडी परत न्यायला रिकामं पातेलं, आमच्याकडचं गंज. कवटी त्यांनीच जपून उघडून दिली होती, आणि भेजा घट्ट व्हावा म्हणून बाईंनी तो मिठाच्या पाण्यात उकळला होता. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. बाईंनी गळ्यातली माळ काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवली, विठ्ठलाला जरा तिकडं पाहायला सांगितलं आणि सुरी बरोबर मधोमध फिरवली.

झाड होतं. बोटाच्या पेराएवढं, फांदी न् फांदी असलेलं.

बाईंनी सुरी बाजूला ठेवली. डोळे वाहत होते आणि हात भरलेले, म्हणून मीच पदरानं पुसले. पुजारी उठले, वाकून पाहत राहिले. इतकी वर्षं आपण खाल्लं, पण झाड काही दिसलं नाही, म्हणाले. मग दोन्ही अर्धुकं गंजात घालून खुशाल घरी गेले.

पण पुढच्या वर्षापासून ते मुंडी आधी शाळेत आणू लागले. बाई निवृत्त होऊन बल्लारपूरला गेल्या होत्या. त्या एका तासासाठी एसटी बदलत येत, झाड दाखवून परत जात.

यंदा उन्हाळ्यात बाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त. मला अजून खरं वाटत नाही.

पुजारी मुंडी घेऊन आलेच. नव्या विज्ञानाच्या सरांना रक्तामांसाची शिसारी, म्हणून सुरी मी धरली. मराठीवालीचा हात! सुरी तिरकी गेली, आणि झाडाच्या जागी नुसता पांढरा डाग. आत काहीच नाही, असं मागून एक पोरगं म्हणालं. मी तर रडायच्या बेतात होते.

पुजाऱ्यांनी गंज बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे खडू मागितला. फळ्यावर त्यांनी एक झाड काढलं, खोडापासून, सावकाश, एकेक फांदी आठवत. मग पोरांकडे वळून म्हणाले, "हे आहे आत. बाईनं अन् म्या संगच पाह्यलं."