एकच जाळी

सत्यभामाबाईंच्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत, आणि त्या दोन बोटांनी बाई माणसाचा कान असा पिरगाळतात की डोळ्यांत पाणी येतं. हे मी ऐकीव सांगत नाही. माझाच कान होता तो, आणि मी सरकारी खुर्चीवर बसलेला होतो.

बाई वलगावच्या माळ्याची लेक. अकोल्याला जुन्या शहरात दिली. मोर्णा नदीच्या पुलावर मेथी-पालक विकून भागेना, म्हणून दालमिलमध्ये लागली. तिथे मोटरवरून चाकाकडे जाणारा एक उघडा पट्टा आहे. त्यात अडकलेला भुसा बाया चालत्या मशीनमध्येच हातानं काढतात, कारण मशीन थांबवली की मुकादम आईवरून शिव्या देतो. दहा वर्षांपूर्वी त्या पट्ट्यानं तिचा हात आत ओढला. दोन बोटं तुरीच्या ढिगात सापडली. "तिसरं कोनाच्या वरनात गेलं कोनाले मालूम," असं ती हसत सांगते, आणि ऐकणारा वरणाची वाटी बाजूला सारतो.

तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, पट्ट्याला जाळी बसवा. मी सरकारच्या कामगार कचेरीत कारकून. दर दिवाळीनंतर ती अर्ज घेऊन यायची आणि मी त्यावर शिक्का मारून तो फायलीत ठेवायचो. यंदा मात्र ती पिसाळलेलीच आली. तिची सून प्रतीक्षा त्याच पट्ट्यावर उभी राहू लागली होती. कान पिरगाळला तो त्या दिवशी.

मग विधिमंडळाची समिती येणार असं पत्र आलं. उद्योग, व्यापार, कामगार, सगळं तपासणार. अकरा आमदार, मंगळवारी अकोला, बुधवारी अमरावती, आणि नोंदी लिहायला दोन्हीकडे मी सोबत. अशा वेळी माझ्याकडे एक काम असतं, जे कोणत्याच पत्रात लिहिलेलं नसतं. कुठल्या कारखान्यात किती वाजता येणार, ते मालकाला आधी फोन करून सांगायचं. वीस वर्षं मी हे करत आलोय, यंदाही केलं, आणि त्यात काही वावगं आहे असं मला खरंच कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी आम्ही अकोल्याच्या त्याच दालमिलमध्ये गेलो तर पट्ट्यावर हिरवी जाळी होती. ताज्या रंगाचा वास येत होता. मी जाळीची मापं घेतली, एक कोपरा वाकलेला होता तेही पाहिलं. सत्यभामाबाई जाळीला हात लावून उभी होती. माझ्याकडे बघून चक्क हसली.

पुढचं मी तेव्हा पाहिलं नाही, नंतर बायांनी सांगितलं. समिती गेली आणि संध्याकाळी सहाला मुकादम पिंटू पाना घेऊन जाळी खोलायला बसला. शेठच्या दोन मिल, एक इथे, एक अमरावतीला, आणि जाळी बनवली होती एकच. बाहेर टेम्पो उभा होता. सत्यभामाबाईनं उजव्या हातानं जाळी धरली. पिंटूनं ओढली, तिनं सोडली नाही. त्यानं लाथ घातली, ती त्याच्या दंडाला चावली आणि मांस तुटेपर्यंत दात काढले नाहीत. मग त्यानं पाना तिच्या डोक्यात घातला. दोनदा. दुसऱ्या वेळी तिचं रक्त जाळीवर उडालं, बांगड्या फुटल्या, तरी मूठ सुटली नाही. शेवटी तिघांनी मिळून तिचा पंजा उघडला. प्रतीक्षा तिला दवाखान्यात घेऊन गेली, सात टाके पडले.

बुधवारी साडेदहाला आम्ही अमरावतीच्या मिलमध्ये. पट्ट्यावर हिरवी जाळी, वाकलेला कोपरा, आणि त्यावर भरपूर हळदीकुंकू. मॅनेजर म्हणाला, साहेब येणार म्हणून मशीनची पूजा केली. समितीच्या अध्यक्षांना बरं वाटलं. त्यांनी चप्पल काढून जाळीला हात जोडले.

मी कोपरा ओळखला. कुंकवाखाली जाळीच्या तारेत हिरव्या काचेचा तुकडा रुतला होता, तोही दिसला. मी वही उघडली. लिहून घेतलं, "पट्ट्यास संरक्षक जाळी बसविलेली आढळली." वाक्य खरंच होतं, म्हणून मला अधिक सोपं गेलं.

सव्वाअकराला सत्यभामाबाई आत आली. डोक्याला पट्टी, पातळावर कालचे डाग. पहाटे दवाखान्यातून कुणाला न सांगता उठून एसटीनं आली होती. गेटवरच्या पोलिसांना ती इथलीच कामगार वाटली. ती सरळ जाळीपाशी गेली, पदर थुंकीनं ओला केला आणि कुंकू पुसलं. खाली वाळलेलं रक्त होतं, काळपट. तिनं उजवा हात वर केला. मनगटावर दोन हिरव्या बांगड्या उरल्या होत्या, जाळीत अडकलेल्या तुकड्याच्या रंगाच्या.

"ज्याले हात जोडून राहिले, ते माहं रगत हाय," ती अध्यक्षांना म्हणाली. "जाळी एकच हाय. माही सून तिकडं उघड्या पट्ट्यावर हाय."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते माझ्यावर ओरडले, अकोल्याला फोन लाव, मशीन बंद करायला सांग. मी लावला. तिकडचा माणूस म्हणाला, मशीन अकरापासून बंदच आहे. मी विचारलं, का? तो म्हणाला, एका बाईचा हात गेला, मनगटापासून. आज जी येणार नाही तिनं पुन्हा येऊ नये, असं पिंटूनं बजावलं होतं, म्हणून सगळ्या आल्या होत्या. मी नाव विचारलं. त्यानं प्रतीक्षाचं नाव घेतलं.

मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. सत्यभामाबाई रडली नाही. माझ्याजवळ आली आणि हळू विचारलं, "जाळी तुमी कव्हा वळखली?"

"साडेदहाला," मी म्हणालो.

तिनं मला मारलं. डाव्या हातानं, दोन बोटांच्या त्या हातानं, तोंडावर, एकदा, दोनदा, माझा दात हलेपर्यंत. अकरा आमदार उभे होते, पोलीस होते, कुणी मध्ये पडलं नाही. मीही हात वर केला नाही. साडेदहा ते अकरा, अर्धा तास होता माझ्याकडे. एक फोन करायचा होता, आणि वीस वर्षं मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

मग जाळी अकोल्याला परत न्यायची म्हणून ती पाना मागायला लागली. कुणी देईना, तेव्हा मीच शोधून आणला. मशीन बंद करून आम्ही दोघांनी मिळून जाळी खोलली.