बाबांचा ब्लॉक

बुवापाड्याची चाळ सोडली, तेव्हा टेम्पोत सामान कमी आणि निरोपाला माणसं जास्त होती. शेजारच्या शेवंतामावशीने आईला मिठी मारली. "ब्लॉकवाली झालीस गं बाई! आता ओळख तरी देशील ना?" आई हसता हसता रडायला लागली. बाबा मात्र नुसते तोऱ्यात! अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म घासून त्यांनी बदलापूरला, मांजर्लीत ब्लॉक घेतला होता. ब्लॉक म्हणजे घरात नळ, घरात संडास. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहणं संपलं. या इंग्रजी शब्दाला आणखी काही अर्थ असेल, हे आमच्या गावीही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या बायका आल्या. चहा घेता घेता आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटल्या की त्यांना घाई असायची. आई म्हणायची, "चाळीत मेली भांडणं तरी व्हायची. इथे भांडायलाही कुणी नाही." बाबा चिडायचे, "एवढा ब्लॉक घेतला, तरी तुझं रडगाणं आहेच!" पण रविवार उजाडला की स्वतः गुपचूप बुवापाड्याच्या विहारात जाऊन बसायचे.

मग एक दिवस बाबांच्या छातीत कळ आली. उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले, हार्टमध्ये ब्लॉक आहे. त्या मेल्या शब्दाचा हा अर्थ मला तेव्हा कळला. बाबा गेले. अख्खी चाळ मांजर्लीत लोटली, आईला एक क्षण एकटं सोडलं नाही. पण त्यांनाही पोटापाण्याची कामं होती. ती माणसं परत गेली.

लग्न होऊन मी टोरांटोला आले. इथे ब्लॉक म्हणजे दोन रस्त्यांमधला तुकडा. दुकान कुठे, तर तीन ब्लॉक पुढे. तेवढ्या वाटेत एक माणूस भेटलं तर भेटलं, आणि तेही थंडीबद्दल बोलून सटकतं. शेजारीण हसते, छान हसते. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

परवा आईला फोनवर म्हटलं, "कागदपत्रं करते, ये इकडे. एकटी नको राहूस."

ती म्हणाली, "तुझ्याकडे दुपारी कोण येतं गं?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "कुणी नाही."

"मग? एकटं राहायला एवढ्या लांब कशाला येऊ, बाळा? ते मला इथे जमलंय."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. घर कुठे, असं कुणी विचारलं की तोंडात अजून बुवापाडाच येतो. तिथली खोली ब्लॉकसाठी विकली. आता आई मांजर्लीत, मी इथे. आणि चाळीतली माणसं म्हणतात, मायलेकींनी नशीब काढलं.