आईच्या नावाचा पानमळा
स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मला मुंबईत सरकारी नोकरी लागली, आणि बाबांनी वसईची आमची वाडी आम्हा दोघा भावांत वाटून द्यायचं ठरवलं. त्यांची सत्तरी जवळ आली होती. "डोळ्यांदेखत वाटणी झाली की मी मोकळा," ते म्हणायचे. दादा वाडीतच राबत होता, त्यालाही ते पटलं. मला मात्र चैन पडेना. माझ्या पगारातून म्हातारपणासाठी दरमहा काही कापलं जायचं. बाबा तर स्वतःसाठी काहीच मागे ठेवत नव्हते.

वसईच्या नोंदणी कचेरीबाहेर दस्त लिहिणारा वाटणीचा कागद वाचून दाखवू लागला. केळी, नारळी, विहीर, घर. मी येरझाऱ्या घालत होतो. शेवटी राहवलं नाही.

"यात आईसाठी काय आहे?"

"आईसाठी?" दादा हसला. "आपण आहोत की."

"विहिरीजवळचा पानमळा तिच्या नावावर राहू दे. आणि आई-बाबा दोघांना घरात हयात असेपर्यंत राहायचा हक्क."

दादाचा चेहरा उतरला. "माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"माझा माझ्यावरच नाही."

मी खरं तेच बोललो होतो, पण त्याला ते टोचलं. बाबांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला. सह्या झाल्याच नाहीत. घरी येताना दादा आमच्या पुढे वीस पावलं चालत होता.

आईही माझ्यावरच चिडली. "मी मागितलं होतं का काही?"

महिना तसाच गेला. मग बाबांनी दुसरा दस्त करून घेतला, पानमळा आईच्या नावावर ठेवून. दादानं मुकाट्यानं सही केली.

पुढे दोन वर्षांत बाबा गेले. मी आईला मनीऑर्डर पाठवू लागलो. मग लग्न, खोलीचं भाडं, मूल. एक महिना चुकला, मग दोन, मग बंदच झालं. आई पानं खुडून, जुड्या बांधून व्यापाऱ्याकडे धाडत राहिली.

बऱ्याच दिवसांनी घरी गेलो तेव्हा विचारलं, "एखादं पत्र का नाही टाकलंस?"

"कशाला? माझं भागतंय."

तिच्यासमोर बसवेना. उठून मळ्यात गेलो. दादा तिच्या वेलींना पाणी घालत होता. रोजच घालायचा म्हणे. मी दुसरी कळशी उचलली.

"मुळाशी ओत," तो एवढंच म्हणाला, "पानांवर नको."