नऊ वर्षांचे पक्षी, एक ओळ

दारातलं शिरीषाचं झाड तोडायचं की नाही, ते आज संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे. त्यावर किती जातींचे पक्षी येतात हे सांगता आलं, तरच ते वाचेल असं मला वाटत होतं. माझ्या रोज सकाळच्या नोंदी होत्या, पण कॉम्प्युटरवर नऊ वर्षांच्या नऊ फायलींत, रोजचे तेच बुलबुल, तेच कावळे.

"थांब गं, मी प्रोग्राम लिहिते," मी नातीला म्हटलं.

"आजी, तोवर झाडाचं फर्निचर होईल!" म्हणत ईराने काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप केली. पहिल्या कमांडने सगळी नावं क्रमाने लावली, दुसरीने परत परत आलेली गाळली, तिसरीने उरलेली मोजली. एकेचाळीस!

मी बघतच राहिले. या चिमुकल्या कमांडी मी प्रोग्रामर म्हणून नोकरीला लागले तेव्हाही होत्या. पण माझ्या तेव्हाच्या वरिष्ठ मॅडमना असलं किरकोळ काही चालायचं नाही. त्यांनी वर्षभर खपून जगातल्या कुठल्याही यादीला पुरेल अशी प्रोग्रामची लायब्ररी रचली. ती वापरण्याआधी तिच्या माहितीपुस्तिकेची साठ पानं वाचावी लागत. ती वाचली फक्त मॅडमनी. आणि या तिघी, एकीलाही पक्षी म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण एकीच्या ओंजळीतलं दुसरीच्या ओंजळीत देत त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या सकाळी क्षणात चाळल्या.

"फक्त एकदाच आलेले कोण, ते सांगतील?" मी हळूच विचारलं.

ईराने मोजणारी कमांड काढली आणि दुसरीला दोन अक्षरं वाढवली. एकच नाव उमटलं: नवरंग. मी साफ विसरले होते त्याला.

मीटिंगमध्ये आता आकडा नंतर सांगेन. आधी विचारेन, तो परत आला तर बसेल कुठे?