मागचा धागा

“तार त नहीं ना, भाऊ?”

मी सायकलवरून उतरायच्या आत हा प्रश्न यायचा. मी नंदुरबारच्या पोस्टात शिपाई होतो, पत्रंही वाटायचो आणि तारही. दिवस लढाईचे. ज्या घरातलं माणूस पलटणीत, त्या घराला माझी खाकी टोपी दिसली की धडकी भरायची. असा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला पाणी देतात आणि त्याच्या पिशवीकडे बघत राहतात.

तो प्रश्न विचारणारी ही मावशी मिशनच्या दवाखान्यात आया होती. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा पलटणीत मोटार चालवायचा. इथे फार थंडी आहे, असं त्याचं पत्र आलं तेव्हापासून ती ओट्यावर बसून त्याच्यासाठी जाकीट विणत होती. नक्षी दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईंनी शिकवलेली. एकाच ओळीत लाल आणि पांढरी लोकर. एक रंग पुढे फुलं काढतो तेव्हा दुसरा मागून मोकळा जातो.

“मांगला धागा ढिला सोडना पडस,” ती सांगायची. “ताणा का जाकीट आखडस.”

सांगायची छान, जमायचं नाही. एकदा तिने मला छातीवरचा पट्टा दाखवला. चार बोटं रुंदीत सगळी फुलं आवळून आत ओढली गेली होती.

त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “आठे दख. आठे तुन्ही घंटी वाजनी.”

मी घंटी वाजवायची सोडली. मग ती माझ्या सावलीला दचकू लागली. शेवटी मी गल्लीच्या तोंडापासून “पत्र! पत्र!” असं ओरडत यायचो आणि कुत्री मागे लागायची. त्यावर ती हसायची, पण हात आवळलेलाच.

मग पत्रंच थांबली. आणि एका सकाळी पोस्टमास्तरांनी तिच्या नावाची तार माझ्या हातात ठेवली. बंद पाकीट. तार सगळ्यात आधी पोचवायची, हा नियम. खरं सांगतो, मी ती पिशवीच्या तळाशी ठेवली. मी सगळ्या गावाची पत्रं वाटली, दोनदा तिच्या गल्लीपर्यंत जाऊन परतलो आणि दुपारी अडीचला तिच्या ओट्यापाशी उभा राहिलो. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. माझं तोंड पाहूनच तिच्या हातातली सुई पडली.

“तूच वाच.”

तार मुलाचीच होती, भुसावळहून केलेली. पलटण दुसरीकडे निघाली आहे, आज बाराच्या गाडीने नंदुरबारवरून जातोय, स्टेशनवर ये.

मला रडू फुटलं.

“जित्ता शे ना तो! मंग तू काबर रडी ऱ्हायना?” ती हसत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मग थांबून तिने तार कधीची ते विचारलं, “कवय उनी?”

“आत्तेच उनी, मावशी,” मी म्हणालो.

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही, तारही नाही. लढाई संपली, पलटणी परतल्या, तो आला नाही. तापाने जाण्याआधी मावशीने जाकीट माझ्या हवाली केलं. “तो उना म्हणजे दी देजो.”

ते माझ्या पेटीत आहे. मी किती वेळा त्या ओट्यावर गेलो, ते छातीवर, पाठीवर, डाव्या बाहीवर हाताला लागतं. उजवी बाही तिने त्या दुपारनंतर, मुलगा जिवंत आहे या भरवशावर, चार दिवसांत विणली. ती सरळ आहे, मागचा धागा सगळीकडे सैल. थंडीत बायको म्हणते, पडून आहे तर घाला की. त्या बाहीत माझा हात जात नाही.