चिकटला की सुटला

जुनी वही चाळताना एका आकृतीवर लावलेलं पिवळं स्टिकर दिसलं आणि आकुर्डीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला कार्बीन या पृष्ठभागाला चिकटणाऱ्या रेणूवर बोलायचं होतं आणि माझंच डोकं चक्रावलं होतं. पप्पा चाकणच्या कंपनीत प्लेटिंग, म्हणजे पार्टवरचा धातूचा मुलामा, तपासायचे. पार्टवर चिकटपट्टी दाबायची, झटक्यात ओढायची, पापुद्रा निघाला की माल रिजेक्ट. नुकतेच फर्स्ट शिफ्टहून आले होते, कपड्यांना ॲसिडचा आंबूस वास होता. मी म्हटलं, "पप्पा, हा रेणू सिलिकॉनवर एका अणूला धरून ताठ उभा राहतो. सोन्यावर मात्र इतका घट्ट धरतो, की सोन्याचा अणूच उपटून वर काढतो आणि त्याला घेऊन भटकत सुटतो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मंग ह्याला चिकटला म्हनायचं का सुटला?" मी आकृतीखाली आधी ‘चिकटला’ लिहिलं, मग खोडलं. तेव्हा त्यांनी खिशातून पिवळं स्टिकर काढून माझ्या आकृतीवर लावलं. पास की रिजेक्ट हे ठरत नसलेल्या मालाला ते कंपनीत हेच लावायचे. दुसऱ्या दिवशी सरांनीही नेमकं तेच विचारलं. आज ते स्टिकर मी हलकेच ओढून पाहिलं. निघालं, पण खालच्या कागदाचा पापुद्रा, त्यावर मी काढलेल्या सोन्याच्या अणूसकट, सोबत घेऊनच निघालं.